शिसवीचा पीळ

मधुअण्णा गेले तेव्हा शिसवीचा एकच कोरा तुकडा मागे राहिला. ओरछा गेटच्या गल्लीत ते व्हायोलिनचे गज घडवायचे. या तुकड्याचा गज तू करायचा, असं लेकाला, मिलिंदला, सांगून गेले. पण मिलिंदचा हात थरथरू लागला होता. हातरंद्यानं तुकडा चौरस करणं जमेना आणि बिघडला तर दुसरा नव्हता. म्हणून मशीन बघायला निघाला. मला, अण्णांच्या जुन्या दोस्ताला, बरोबर घेतलं, कारण माझं अर्धं आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलं आणि उरलेलं तिथल्या थापा सांगण्यात. ही मात्र थाप नव्हे.

गावाबाहेर बिजौलीत पियुषचं जुन्या मशीनांचं गोदाम आहे. त्यानं आधी थिकनेसर दाखवला. "दादाजी, बस यही ले लो. लकड़ी डालो, बराबर होकर निकलेगी."

मिलिंदनं पिशवीतली एक पीळ पडलेली फळी त्यात घातली. गुळगुळीत होऊन बाहेर आली. टेबलावर ठेवली तर डुगडुगली.

"पीळ तसाच आहे, काका," तो म्हणाला. "हे फक्त जाडी सारखी करतं. आधी एक बाजू सपाट हवी."

कोपऱ्यात दुसरं मशीन होतं. सपाट टेबल, मधल्या फटीत फिरती पाती. लाकूड वरून सरकवायचं, खालची बाजू सपाट होते. पियुषनं बटण दाखवलं आणि तो चहा आणायला गेला.

मिलिंदनं शिसवी काढली.

"अरे, आधी फळी लाव," मी म्हणालो.

"फळीत थोडा पीळ राहिला तरी चालतो, गजात नाही. हेच लावून बघायचंय."

कानात कापूस घालून त्यानं बटण दाबलं. पाती फिरली. भीतीनं तो तुकडा दाबू लागला. दाबलं की पीळ तेवढ्यापुरता सरळ होतो, सोडलं की परततो. अण्णा हे शिकवताना मागे उभे राहायचे आणि शिकणाऱ्याच्या मनगटाखाली दोन बोटं लावून हात वर उचलायचे. बोलायचे नाहीत.

मिलिंदचं मनगट वर उचललं गेलं.

थरथर थांबली. तुकडा आपल्याच तोलानं सरकला. मशीन भुसा फेकतं, हे मी जन्मभर पाहिलंय. इथं फटीतून एक लांब, अखंड, गुंडाळलेलं सालपट बाहेर आलं, हातरंद्याचं निघतं तसं. त्याला अण्णांच्या तपकिरीचा वास होता.

पाती थांबली. मिलिंदनं तुकडा टेबलावर ठेवला. डुगडुगला नाही.

पियुष परतला. "माफ करना, मेरे निकलते ही लाइट चली गई. पूरी बिजौली में नहीं है. आप लोग बेकार बैठे रहे."

वरचा पंखा बंद होता. मी बटणाकडं बघितलंच नाही. म्हाताऱ्यानं काही गोष्टी बघू नयेत.

मिलिंदनं सालपट खिशात ठेवलं. सपाट झालेली बाजू मशीनच्या उभ्या पट्टीला टेकवली आणि हात मोकळे धरून थांबला. "अण्णा," तो हळूच म्हणाला, "काटकोन मी काढतो."

बराच वेळ काही झालं नाही. चहा निवला. मग पंखा फिरला, पाती गरगरली, आणि यावेळी भुसाच उडाला. त्याच्या मनगटाला कुणी हात लावला नाही. लावायची गरज नव्हती.

त्यानं काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडात धरला. फट कुठंच नव्हती.

"ये वाली," तो पियुषला म्हणाला. "आणि चाचणीला वेगळं लाकूड देत जा, भैया. सगळ्यांचे वडील येतील असं नाही."