बिनसाखरेचा चहा

हिंदुरावांच्या घराण्याकडं भैरोबाच्या शिंगाचा मान होता. चैत्रातल्या जत्रेला देवळाच्या पायरीवर उभं राहून तीन लांब फुंका मारायच्या, आणि तिसरी पडल्याशिवाय पालखी खांद्यावर घ्यायची नाही, असा गावचा रिवाज. हिंदुरावांची फुंक कृष्णेपलीकडं ऐकू जायची. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची बायको मंगल सांगायची, तेही न विचारता.

हिंदुरावांना मधुमेह निघाला तेव्हा मंगलनं घरातून साखर हद्दपार केली. चहा बिनसाखरेचा, दिवाळीला लाडवाचा कणसुद्धा नाही. पण दोन वर्षांत हिंदुराव चढावर थांबायला लागले, बोलता बोलता दम खायला लागले. गड्यानं आयुष्यात विडी ओढली नव्हती. मंगलनं निदान केलं की ऐन उमेदीत गुऱ्हाळावर काम केलं, तो धूर छातीत बसलाय. छातीतला मळ गुळानं सुटतो, हे तिच्या माहेरी शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग रोज सकाळी आलं, तुळस आणि लिंबाएवढा गुळाचा खडा घातलेला काढा सुरू झाला. दम वाढला की ती खडा वाढवायची. गूळ कुठं साखर असते? ते तर औषध.

जत्रा महिन्यावर आली आणि हिंदुरावांना घरात शिंग उचलून बघितलं तरी धाप लागली. तेव्हा दोघं कराडच्या दवाखान्यात गेली.

तिथं डॉक्टरीणबाईंनी एका यंत्राच्या नळीत फुंकायला सांगितलं. शिंगवाल्याला फुंकायला सांगताय व्हय, म्हणून हिंदुराव हसले. तीनदा फुंकले. चौथ्यांदा फुंकायला सांगितलं तेव्हा हसले नाहीत.

हृदय ठीक होतं, क्षय नव्हता. डॉक्टरीणबाई समजावून बोलत होत्या. वाढलेली साखर डोळे आणि मूत्रपिंडं खाते तशी कधी कधी फुप्फुसंही आखडवते, त्यांची लवचीकता जाते. यांच्या बाबतीत तेच दिसतंय. साखर ताब्यात आली तर पुढची घसरण थांबेल, गेलेला दम मात्र बहुतेक परत येणार नाही. मग रक्ताचा कागद बघून त्यांनी विचारलं, पथ्य पाळता म्हणता, मग साखर एवढी कशी? गूळ, मध, असलं काही?

मंगलनं तोंड उघडलं, तेवढ्यात हिंदुराव बोलले.

"मीच चोरून पेढं खातोय, बाई. हिला ठावं न्हाई."

एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मंगल सारा रस्ता वाट बघत होती, आता बोलतील, मग बोलतील. घरी येऊन तिनं गुळाची ढेप गोठ्यात म्हशीपुढं टाकली आणि तिथंच पदर तोंडात कोंबून रडली.

जत्रेला पायरीवर हिंदुराव उभे राहिले. पहिली फुंक गेली, जुन्यासारखी नाही, पण गेली. दुसरी मधेच फाटली. तिसऱ्या वेळी शिंगातून नुसती हवा आली. पालखीवाले वाकून तसेच थांबले, सारा गाव थांबला. शेवटी चुलतभाऊ नानासो पुढं आला आणि त्यानं शिंग हळूच काढून घेतलं. तिसरी फुंक त्याची पडली. पालखी उठली, गुलाल उडाला, माणसं पुढं गेली.

मागं राहिली ती दोघंच. मंगल त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

"आवं, त्या दवाखान्यात माझं नाव का न्हाई घेतलं?"

एका वाक्याला हिंदुरावांना आता दोन श्वास लागत.

"तू काय इख समजून दिलं व्हतंस?" ते म्हणाले. "घरी चल. काढा कर. गूळ घालूनच कर. आता कशासाठी वाचवायचा ह्यो दम?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मंगलला वाटलं, त्या दिवशी दवाखान्यात चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.