कुशाबांना कमी भरलेले दहा जीबी

मित्रांनो, मी संगणकाच्या डिस्कमधला एक जुना कप्पा आहे. तुम्हाला दिसत नसेन. शोधू नका. आधी सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं?

माझा जन्म पुण्यातल्या एका ऑफिसात झाला. चाळीस जीबीच्या डिस्कचे दोन भाग पाडले. तीसचा मोठा, दहाचा मी. २००८ साली ऑफिसने जुने संगणक वाटले आणि आम्ही मुळशीतल्या माले गावच्या शाळेत आलो. तिथे रामदास सर कंत्राटावर संगणक शिकवत. त्यांनी मोठ्या भागात संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली बसवली आणि माझ्यात तिची राखीव प्रत ठेवली. मशीन बिघडलं की माझ्यातून पुन्हा उभं करायचं. सर माझं कौतुक करत.

पण फायलींच्या खिडकीत डावीकडे माझं चित्र दिसे, आणि मुलं मला उघडून आतलं खोडत सुटत. म्हणून सरांनी सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली. मी दिसेनासा झालो.

(इथे माझ्या सुखाच्या दिवसांबद्दल चार ओळी आहेत. त्याही दिसत नाहीत.)

मग कुशाबा आले. शाळा समितीचे अध्यक्ष. डेअरीवर गावाचं दूध मापून घेणारे.

"चाळीसचा डबा आलता. हितं तीसच दिसत्यात. दहा कुटं गेलं, मास्तर?"

"आतच आहेत, कुशाबा. मी लपवलेत."

"ऐका बाई! सोताच म्हंतोय, लपवलं." कुशाबा मुख्याध्यापिका रोहिणीबाईंकडे वळले. "ईकलं आसंल उरवड्याच्या बाजारात. उद्यापासनं येऊ नका."

सरांनी ती ओळ बंद केली, मशीन पुन्हा चालू केलं. मी दिसलो. पुरता दहा.

"आत्ता परत ठिवलं," कुशाबा म्हणाले. "मागनं भरल्यालं माप आमाला कळतं."

पुरावा मीच, आणि माझ्यामुळेच सर बुडत होते. ते खुर्चीतून उठले. "बसा इथे. तुमच्या हातानं लपवा."

कुशाबांनी एका बोटानं मला घालवलं. आणलं. पुन्हा घालवलं. मशीन चालू होईस्तोवर दर वेळी पडद्याला नाक लावून बसले. एकदा टेबलाखालीही वाकून पाहून आले. शेवटी मला लपवूनच उठले.

"या उद्या, मास्तर," ते म्हणाले. आणि दारातून बाईंना, हळूच, "बाकीच्या समितीला ह्यातलं सांगायचं न्हाई हां."

मित्रांनो, काही झाकायचं असेल तर चारचौघांना दाखवून झाका. कुशाबांनाही मी हेच सांगितलं असतं. हल्ली ते मशीनसमोर बसले, की रोहिणीबाई हातातलं काम टाकून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहतात.