थंड बॉनेट, गरम काटा

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. गेटवर मी नुसती उभी राहिले तरी माणसं आपणहून पिशव्या उघडून दाखवतात. आणि घरातली गाडी कोण चोरून नेतंय हे मला कळणार नाही, असं आमच्या ह्यांना वाटलंच कसं?

आमचे हे म्हणजे उन्मेष. कॉलेजात ग्रंथपाल आहेत. पहाटे रंकाळ्यावर चालायला जातात, आल्यावर पाइप लावून गाडी धुतात, मग मी ती घेऊन कागलला जाते. गाडी जुनी, पण खणखणीत. एका सकाळी चावी फिरवून बघते तर इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर! रात्रभर दारात उभ्या असलेल्या गाडीचा काटा अगदी तळाला हवा. निम्म्यावर यायचा तर गाडी चांगली पळवावी लागते. त्या दिवशी ती स्टार्ट व्हायलाही कुरकुरली.

उतरून बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. क्षणभर वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग अंगणातला पाइप दिसला. गाडी रोज धुवायची एवढी हौस कशासाठी, ते लख्ख कळलं: तापलेलं बॉनेट गार करायला.

पुढचे सगळे दिवस तेच. शेवटी जेवताना विचारलं, "पहाटे गाडी कुठं नेता?"

"मी? मी तर चालायला जातो."

"चालत?"

"चालायला चालतच जातात, कालिंदी."

असं हसत उत्तर देणं म्हणजे लबाडीची पहिली खूण. मी पिच्छा सोडला नाही. भाजी वाढताना विचारलं, कपडे वाळत घालताना विचारलं, त्यांच्या बहिणीचा फोन चालू असताना विचारलं. रविवारी त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"होय, नेतो. उचगावला केरबा म्हणून मित्र आहे, त्याच्याकडं चहाला जातो. आता नाही नेणार."

इतकं बरं वाटलं मला! माणूस खरं बोलला की मी राग धरून बसत नाही. संध्याकाळी त्यांच्या आवडीच्या गुळाच्या पोळ्या केल्या.

सोमवारी काटा निम्म्यावर.

माझं डोकंच फिरलं. त्या रात्री दोन्ही चाव्या उशाखाली घेऊन झोपले. सकाळी चाव्या जागच्या जागी आणि काटा निम्म्यावर. म्हणजे यांच्याकडं तिसरी चावी आहे तर! मी रजा टाकली आणि गाडी थेट बाळासोच्या गॅरेजवर नेली. आमची गाडी तोच बघतो.

"चावीशिवाय ही गाडी चालू करता येते का?" मी विचारलं.

"का वैनी, चावी हरवली व्हय?"

मी काट्याचं सांगितलं. उचगावचं नाही सांगितलं, घरातलं गॅरेजवर कशाला?

"गाडी ठिऊन जावा. गार झाल्याबिगर काय कळायचं न्हाय."

"मी इथंच बसते," म्हटलं. उगाच उद्या सांगायचा, अख्खं इंजिन उतरवावं लागलं म्हणून.

दुपारपर्यंत स्टुलावर बसून मी त्याच्यावर नजर ठेवली. मग त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं आणि मलाच आत बोट बुडवायला लावलं. पाणी गार होतं. चावी फिरवली तर काटा निम्म्यावर. "आता बघा," म्हणत त्यानं इंजिनात हात घातला, एका छोट्याशा सेन्सरची वायर उपसली, आणि काटा झपकन खाली आला.

"पाणी किती तापलंय ते ह्यो सेन्सर सांगतोय. आतनं बाद झालाय. पाणी गार असू दे न्हायतर उकळू दे, ह्येचं आपलं एकच. म्हणून तर सकाळी स्टार्टिंगला तरास हाय. गाडी कोण न्हेत न्हाय, वैनी."

त्यानं नवा सेन्सर बसवला. काटा तळाला राहिला आणि इंजिन चालू केल्यावर सावकाश वर चढला. जुना सेन्सर मी पर्समध्ये टाकला आणि घरी निघाले. वाटेत ह्यांच्याबद्दल नुसतं भरून येत होतं. काय काय बोलले होते मी त्यांना! माफी मागायची ठरवली.

सिग्नलला थांबले आणि एकदम लक्षात आलं. गाडी कुणी नेलीच नव्हती. मग 'होय, नेतो' कशाला म्हणाले? आणि हा केरबा कोण?

घरी ते पेपर वाचत बसले होते. सेन्सर त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं.

"मग कबूल का केलंत?"

"तू थांबत नव्हतीस." त्यांनी पेपरची घडी घातली. "होय म्हटलं की तुझं समाधान होतं. घर शांत होतं."

"आणि केरबा?"

"असा कोणी नाहीच. नुसतं होय म्हटलं असतं तर तू आणखी विचारलं असतंस."

"इतक्या वर्षांत आणखी कशाकशाला असं होय म्हणालात?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. "बऱ्याचदा," म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती भीती. भांडून, उकरून मी जेवढी उत्तरं मिळवली होती आणि जिंकले म्हणून निवांत झोपले होते, त्यातलं खरं कुठलं, हे आता कुणाला विचारू?

मी त्यांच्या शेजारी बसले. आवाज मुळीच चढवला नाही.

"एकच सांगा. माझ्याबरोबर सुखात आहात ना?"

"होय," ते लगेच म्हणाले.