खणातला दुसरा कागद

आंध्रातल्या वांकिडीकडच्या त्या गावात चावडीच्या भिंतीला तोंड होतं, आणि त्या तोंडानं बोलायचे केशवराव गुरुजी. मंडळ कचेरीतून येणारा कागद तेलुगूत आणि गाव सगळं मराठी. मग मराठी शाळेच्या गुरुजींनी तो उतरवायचा, टपोऱ्या अक्षरात लिहायचा, मथळ्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ मारायची आणि ज्वारीच्या पिठाची खळ लावून चावडीवर डकवायचा. रेशनची यादी, घरकुलाची यादी, मतदारांची यादी. यादी आली की भिंतीवर गेली, असा रिवाजच पडला होता. लोक अक्षर वाखाणत आणि गुरुजी मिशीतल्या मिशीत हसत. अक्षराचा गर्व वाईट. तो माणसाला गर्व वाटतच नाही.

एकोणनव्वदच्या थंडीत कुष्ठरोग तपासणाऱ्या रामाजीनं बसच्या कंडक्टरच्या हाती एक लिफाफा पाठवला. आत दोन कागद. एकावर सात नावं. दुसऱ्यावर नुसते आकडे: आजार किती जणांना झाला, बरे किती झाले, गोळ्या किती जण घेतात. खाली तेलुगूत दोन ओळी खरडलेल्या होत्या. शाळा सुटायच्या घाईत गुरुजींनी त्या अर्ध्याच वाचल्या. नावं दिसली आणि हात शिवशिवले. आकड्यांचं गावाला काय करायचंय, म्हणून तो कागद टेबलाच्या खणात टाकला आणि सात नावं भिंतीवर चढवली. मथळा दिला, ‘गावातील कुष्ठरोगी’.

तिसरं नाव बयनाबाईचं होतं. विहिरीकाठच्या पाऊण एकरात ती वांगी, मेथी लावायची आणि त्या टोपलीवर तिचं घर चालायचं. पाठीवर सुन्न चट्टा निघाला होता, तो घरधन्याशिवाय तिनं कुणाला दाखवला नव्हता. वर्षभर मुकाट गोळ्या गिळल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची; ती गुरुजींनी चावडीवर उघडली.

पुढच्या बाजारात तिची टोपली भरलेली गेली आणि भरलेलीच परत आली. त्याच्या पुढच्याही बाजारात तेच. बाईला अक्षरओळख नव्हती. माणसं आपल्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे बघतात, एवढंच तिला दिसत होतं. शेवटी गावात कागदाचं कोडं जिथं सुटायचं तिथंच ती आली, गुरुजींच्या ओट्यावर.

मथुराबाई, म्हणजे गुरुजींची बायको, तिची दहा वर्षांची गिऱ्हाईक. आज ती दारातूनच म्हणाली, “टोपली बाहीरच राहू दे वो बाई. भाजी हाय आज घरात.”

घरात भाजी नव्हती. गुरुजींना ते ठाऊक होतं.

“गुरुजी,” बयनाबाई म्हणाली, “चावडीवर काय लागलं हाय? गाव मले पाहून तोंड फिरवून राह्यलं.”

“आजाराची यादी हाय बाई,” गुरुजी कसेबसे म्हणाले. “तुमचं नाव हाय त्यात.”

ती ओट्याचा खांब धरून उभी राहिली. मग तिनं विचारलं, “कोनं लावली?”

“मंडळातून आली.”

बोलले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. बयनाबाईनं टोपली डोक्यावर घेतली.

“मले वाचता येत नाही, गुरुजी. पन ती लाल रेघ वळखू येते. माह्या पोरीच्या लगनाची चिठ्ठी तुमीच लिवली होती.”

ती गेली आणि गुरुजी आपल्याच ओट्यावर चोर होऊन बसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी यादी नखांनी खरवडून काढली. खळ घट्ट बसली होती, कागद चिंध्या होऊन निघाला. पण गावानं वाचलेलं कशानं खरवडणार?

मंगळवारी रामाजी आला आणि शाळेच्या ओसरीत गोळ्यांचा डबा उघडून दुपारपर्यंत बसला. एक माणूस फिरकला नाही. गुरुजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. रामाजी चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो हळूच बोलला.

“गुरुजी, नावं तुमच्यापाशी ठेवाची होती. कोनी गोळ्या चुकवल्या तर तुमी घरी जाऊन कानात सांगाचं. गावाले सांगाचे होते आकडे, मंजे लोकाईचं भेव जाते. तुमी झाकाचं ते लावलं अन् लावाचं ते झाकलं.” मग डबा बंद करत म्हणाला, “चूक माहीबी हाय. असा कागद कंडक्टरच्या हाती द्याचा नसते. सातातले पाच तर बरे झाले. पन दोघाईच्या गोळ्या चालू हायेत. आता सोडल्या तर आजार वाढन.”

गोळ्या खिशात घालून गुरुजी त्या दोघांकडे मागच्या दारानं गेले. एकानं दार उघडलं नाही. दुसऱ्यानं गोळ्या घेतल्या, पण गुरुजींना पाण्याचंही विचारलं नाही. गुरुजींना वाटलं, बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी खण उघडून त्यांनी तो कागद मराठीत उतरवला आणि खाली लागणीबद्दल रामाजीनं सांगितलेली एक ओळ जोडली. लाल रेघ मारायला हात धजला नाही. चावडीवर खळ फासत असताना बयनाबाई मळ्याकडून येत होती. ती थांबली.

“आता कोनाचं नाव?”

“नावं नाहीत बाई. आकडे हायेत.”

“वाचा.”

गुरुजी ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. “आजार झालेले सात. पूर्ण बरे झालेले पाच. गोळ्या घेणारे दोन. गोळ्या घेणाऱ्यापासून दुसऱ्याले लागण होत नाही.”

“त्या पाचात मी हाय?”

“हाय.”

“बरी झाली मनून सरकारच्या कागदावर लिवलं हाय?”

“हाय बाई.”

ती त्या कागदाकडे बघत राहिली. तिच्या टोपलीतली मेथी पिवळी पडली होती.

“हा कवा आला?”

खोटं बोलायला जीभ एकदा वळली होती. आता वळली नाही. “यादीसंगच. एकाच लिफाफ्यात.”

“मंग इतके दिवस कुठं होता, गुरुजी?”

“माह्या खनात,” केशवराव म्हणाले.