मास्तरांच्या नाकावर सोडा आणि व्हिनेगर

रविवारी सकाळी कुंडीतल्या फुलाचा वास घ्यायला मास्तर वाकले आणि नाकाचा शेंडा धरूनच घरात आले. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेलेली. त्यामुळे आधी निदान झालं, मग "आई गं" निघालं.

"गांधीलमाशी! तिचं विष आम्लारी. त्यावर आम्ल हवं. व्हिनेगर आण!"

"अहो, मधमाशी होती. मी पाहिली ना," बायको म्हणाली.

"चष्म्याशिवाय पाहिलीस."

यावर कोण वाद घालणार? तिने मुकाट्याने बाटली दिली. मास्तरांनी व्हिनेगरचा बोळा नाकावर दाबला. डोळ्यांना धारा लागल्या, पण आग काही हटेना.

तेवढ्यात मेहुणी आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांची नाकंच न्याहाळायची. तिने मास्तरांचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"भावोजी, काटा अजून आतच आहे की! काटा मागे ठेवते ती मधमाशी." नखाने खरवडून तिने तो अलगद काढला.

बायकोने सावकाश आपला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. ते चष्मा पुसणं मास्तरांना माशीपेक्षा जास्त झोंबलं.

"मग विष आम्लधर्मी! खाण्याचा सोडा कुठंय?"

घाईत व्हिनेगर पुसायचं राहूनच गेलं. ओला सोडा लागला मात्र, नाक फसफसायला लागलं. फेस ओठांवर उतरला. दोघी बहिणी हसून हसून भिंतीला टेकल्या.

"हसताय काय? उदासिनीकरण झालं!" मास्तर फेसातून म्हणाले.

"झालं ना, सोड्याचं आणि व्हिनेगरचं. नाक आहे तिथंच आहे," बायको म्हणाली.

मास्तरांनी बाहीने फेस पुसला. खरंच की! विष कातडीच्या आत, आणि आपण वरून सारवतोय. इतकी वर्षं वर्गात हेच उदाहरण दिलं, पण स्वतःला कधी माशी चावली नव्हती.

बायकोने रुमालात बर्फ गुंडाळून नाकावर धरला. ठणका हळूहळू उतरला, तसा मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"दुखतंय अजून?" तिने विचारलं.

"नाक नाही दुखत," ते पुटपुटले. तिने बर्फ जरा जोरातच दाबला.

सोमवारी सुजलेलं नाक घेऊन ते वर्गात शिरले. पोरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मास्तरांनी खडू उचलला आणि फळ्यावर भलंमोठं नाक काढलं.

"हसून घ्या आधी," ते म्हणाले, "मग कातडीचा छेद काढू."