आठ पिंजऱ्यांची चाल

आर्डिसला ऐकू येईनासं झालं आणि दुसऱ्याच महिन्यात व्हर्लिनने मिशी उतरवली. चाळीस वर्षं जोपासलेली, वरच्या ओठावर छपरासारखी उतरलेली मिशी होती ती. पण बायकोला आता ओठ बघून बोलणं समजून घ्यायचं होतं, आणि ओठच दिसत नसतील तर त्या बिचारीने काय बघायचं? गावाने यथेच्छ चेष्टा केली. शेजारचा ड्वेन तर महिनाभर त्याला "काय पाव्हणं, आपण कुठले?" म्हणून विचारत होता. व्हर्लिनने मनावर घेतलं नाही. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस तो. पाठीमागून काय वाट्टेल ते ऐकून घ्यायची त्याला सवय होती.

त्याला सलत होतं ते वेगळंच. आर्डिसने गावातल्या लूथरन चर्चमध्ये छत्तीस वर्षं ऑर्गन वाजवला होता, आणि तिची बोटं कधी म्हणून स्वस्थ नसत. जेवणाच्या टेबलाची कड, गाडीत स्वतःची मांडी, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीचा हात, जिथे जागा मिळेल तिथे ती वाजवत असायची. लग्न झालं तेव्हा व्हर्लिनला त्या टकटकीचा वैताग यायचा. आता दोन वर्षं ती बोटं गप्प होती. कानात यंत्र घातलं की बोलणं थोडंफार कळे, संगीताचा मात्र नुसता खरखराट होई. म्हणून तिने यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, चर्चला जाणं सोडलं आणि पियानोवर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. रडली नाही, कुरकुरली नाही. मिनेसोटातली माणसं ही. घर जळालं तरी "तसं ठीक आहे" म्हणतील. पण त्या कुंड्या व्हर्लिनच्याने बघवत नव्हत्या.

ऑक्टोबरात पियानोखाली सांडलेली माती पुसताना त्याने वाजवायला बसायच्या बाकाचं झाकण उघडलं, तर आत एक जुनी वही निघाली. रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी आर्डिसने स्वतः रचलेली नाताळची चाल होती ती. छोटीशीच. पोरांच्या खेळण्यातल्या वाद्याला आठच पट्ट्या, म्हणून चालही आठच सुरांत बसवलेली, आणि प्रत्येक सुराखाली पोरांना कळावं म्हणून एक ते आठ आकडे घातलेले. व्हर्लिनला सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आकडे कळत होते.

वही घेऊन तो गावाच्या लायब्ररीत, तिथे काम करणाऱ्या माय यांगकडे गेला. तिथे बसून तो कधी कधी कॉम्प्युटरवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघे, आणि त्यातच एकदा त्याने गाण्यावर नाचणारे घरावरचे दिवे पाहिले होते. तसं काही आपल्याला जमेल का, असं त्याने भीतभीतच विचारलं. मायने आधी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. ते हजारो दिव्यांचं काम, त्याच्या नादी लागू नका म्हणाली. मग वही बघितली आणि तिचा चेहराच बदलला. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर मिळतो, फार स्वस्तात. त्याला आठ रिले जोडायचे. रिले म्हणजे भिंतीवरचं बटणच, फक्त दाबायला बोट लागत नाही.

"आठ माळा, आठ बटणं," ती म्हणाली. "कोणतं कधी दाबायचं आणि किती वेळ, एवढंच तुम्हाला लिहायचंय. ते तर तुमच्या बायकोने आधीच लिहून ठेवलंय."

व्हर्लिन कामाला लागला. माळा चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणल्या. टोमॅटोच्या झाडांना आधार द्यायचे तारेचे पिंजरे शेडमध्ये पडून होतेच. ते अंगणात ओळीने उलटे रोवले, टोकं वर बांधली आणि त्यांना माळा गुंडाळल्या, की झाली आठ छोटी झाडं. सगळी एकाच उंचीची, एकाच पांढऱ्या रंगाची. गॅरेजमधल्या आपल्या टेबलाजवळ उभा राहून त्याने अंगणाकडे बघत डावीकडून एक ते आठ नंबर टाकले. जाड सूर डावीकडे, बारीक उजवीकडे, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं ऑर्गनशेजारी उभं राहून त्यानेच तर पानं उलटली होती.

पहिल्या चाचणीला ड्वेन हजर होता, नसता तरच नवल. कळ दाबली आणि आठही पिंजरे एकदम पेटले. मग एकेक विझायला लागला. जो पेटायला हवा तोच विझत होता.

"वा लेका," ड्वेन म्हणाला, "अंधाराची रोषणाई प्रथमच बघतोय."

व्हर्लिनने मायला फोन लावला. ती हसत सुटली. स्वस्तातले ते रिले उलटेच चालतात म्हणे. चालू म्हटलं की बंद. दोन शब्दांची अदलाबदल करायची होती, ती त्याने केली, आणि गडी खूश झाला. काय उलटं व्हायचं ते होऊन गेलं, असं त्याला वाटलं.

आर्डिसला त्याने एवढंच सांगितलं होतं की नाताळचे दिवे लावतोय. चालीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला, अंधार पडला तसा, त्याने तिला ट्रकमध्ये बसवलं आणि रस्त्याच्या पलीकडे घराकडे तोंड करून ट्रक उभा केला. दिवे सुरू झाले. एकेक पिंजरा पेटत होता, विझत होता, अगदी वहीतल्यासारखा. व्हर्लिन दिव्यांकडे बघतच नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता. हातमोज्यांतले ते हात मांडीवर ठेवले होते तसेच राहिले.

चाल तीनदा झाली. त्याने ट्रकमधला दिवा लावला, तिच्याकडे तोंड केलं आणि सावकाश विचारलं, "काही ओळखीचं वाटलं?"

आर्डिसने नीट विचार केला. "ते टोमॅटोचे पिंजरे आपलेच ना?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पडलेला पाहून घाईने म्हणाली, "छान आहे हं. वेगळंच आहे."

मिनेसोटात न आवडलेल्या गोष्टीला "वेगळंच आहे" म्हणतात, हे व्हर्लिनला ठाऊक होतं. त्या रात्री तो जेवला, पण कशाची चवच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्वेनने त्याला वेड्यात काढलं. तिला सरळ सांगून टाक, ही तुझीच चाल आहे म्हणून, एवढं काय त्यात! पण व्हर्लिन बधला नाही. सांगितलं, तर ती "ओळखलं" म्हणणारच, त्याचं मन राखायला. त्रेचाळीस वर्षांत तिने त्याच्या हातचं किती करपलेलं गोड मानून खाल्लं होतं! बोटं मात्र खोटं बोलली नसती, आणि त्याला ती बोटं हवी होती. दिवे काढायचा कंटाळा म्हणून ते रोज पाचला आपले आपण चालू होत राहिले.

गुरुवारी लेफ्से करायचे होते. बटाट्याची ही पातळ पोळी त्यांच्या घरी दर डिसेंबरात होते. ती लाटते, तो भाजतो. आर्डिस अंगणाकडच्या खिडकीपाशी लाटत होती, व्हर्लिन तिच्याकडे पाठ करून तव्याशी उभा होता. पाच वाजले. बाहेर दिवे सुरू झाले असणार, हे त्याला माहीत होतं. त्याने मान वळवून बघितलंही नाही. तव्यावरचा लेफ्सा उलटला. पुढचा लेफ्सा काही आला नाही. थोडं थांबून तो वळला.

लाटणं बाजूला पडलं होतं. आर्डिस खिडकीबाहेर बघत उभी होती आणि तिचा उजवा हात ओट्यावरच्या पिठात होता. बोटं हलत होती. आधी एकच, चाचपडत, मग दोन, मग सगळी. पिठात खुणा उमटत होत्या. तव्यावर धूर व्हायला लागला तरी व्हर्लिन जागचा हलला नाही.

चाल संपली, पुन्हा सुरू झाली. तिने खिडकीवरची नजर काढली नाही.

"तिसऱ्या ओळीत तू घाई करतोस," ती म्हणाली. "पोरंही तिथेच घाई करायची."

तो पुढे झाला, तिच्यासमोर आला. रविवारी का नाही कळलं, असं त्याने विचारलं तेव्हा ती रडता रडता हसायला लागली. रस्त्यावरून कसं कळणार? तिथून सगळं उलटं होतं. जाड सूर उजवीकडे, बारीक डावीकडे. चाल चढायची तिथे उतरत होती. असा ऑर्गन जगात कोणी वाजवला असता का? व्हर्लिनने कपाळावर हात मारला. गॅरेजमधून, म्हणजे घराच्या आतून बघून त्याने नंबर टाकले होते, आणि बायकोला दाखवायला नेलं होतं ते रस्त्यावर. तो लेफ्सा कोळसा झाला होता. दोघांनी तो लोणी-साखर लावून अर्धा अर्धा खाल्ला.

शनिवारी ड्वेन हातात टॉर्च घेऊन मदतीला आला. त्याला सगळं कळलं होतं. गावात काय लपतं? प्लगांची अदलाबदल करायला दहा मिनिटं पुरतील म्हणाला. व्हर्लिनने त्याला अडवलं. तिसरी ओळ त्याने सकाळीच दुरुस्त केली होती, आर्डिसने शेजारी बसून टेबलावर ठेका धरून दिला होता. प्लगांना मात्र हात लावायचा नाही म्हणाला.

"अरे, पण अख्खा रस्ता उलटी चाल बघतोय," ड्वेन म्हणाला. "लोक काय आत येऊन बघणार आहेत?"

"लोकांना बघू दे," व्हर्लिन म्हणाला. "ऐकणारी आत आहे."

ड्वेनने अंगणाकडच्या खिडकीकडे पाहिलं. पियानोवरच्या कुंड्या आता त्या खिडकीच्या कडेला आल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत आर्डिस नव्या पानावर एक ते आठ आकडे लिहीत बसली होती.