कानाला लावायचा स्क्रू ड्रायव्हर

मी एक फूटभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर बोलतोय. स्क्रू मी फारच कमी फिरवलेत. माझं काम ऐकवायचं.

भोसरीतल्या एका दुकानातून लक्ष्मणरावांनी मला आणलं, त्याला सोळा वर्षं झाली. लातूरकडून आलेला हा माणूस. अकरा वर्षं इथल्याच एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर काढली आणि मग मोटारसायकलचं गॅरेज टाकलं. चालू इंजिनावर माझं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात ते सांगायचे, "टॅपेट हाय," नाहीतर "बेअरिंग गेलंय." लांबून गाड्या यायच्या.

पुढे मूठ कानावर जास्त दाबली जाऊ लागली. कानाच्या पाळीवर वळ उठायचा. एकदा गॅरेजात कोणी नसताना त्यांनी मला दातात धरून पाहिलं, आवाज हाडातून तरी येतो का म्हणून. आला नसावा. मला पुसून त्यांनी फळीवर ठेवलं. कोणाला काही बोलले नाहीत, बायकोला, यशोदाबाईंनासुद्धा.

या उन्हाळ्यात विजयश्री आली. चऱ्होलीला राहते, चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर काम करते. रोज हायवेने जाणं-येणं.

"काका, सकाळी चालू केली की इंजिन खडखडतं. जरा रेस दिली की कमी होतं."

लक्ष्मणरावांनी मला इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं, मग बाजूला. तिथे खडखड माझ्यातून स्वच्छ जात होती. त्या बाजूने टायमिंग चेन वर चढते. वरचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात ते तिच्यामुळे. ती सैल पडू नये म्हणून टेन्शनर तिला दाबून धरतो. तो ढिला झाला की चेन आत आपटते. मी सगळं पोहोचवत होतो, पलीकडे घेणारं कोणी नव्हतं. ते अंदाजाने म्हणाले, "टॅपेट."

व्हॉल्व्हला ढकलणारे ते टॅपेट सेट झाले. चार दिवसांनी ती परत आली. "आवाज तसाच आहे, काका."

"नव्या सेटिंगला ऱ्हातो थोडा." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा राग आला.

तिसऱ्यांदा आली तेव्हा लक्ष्मणराव पाठमोरे बसले होते. ती वळसा घालून पुढे आली. "राग मानू नका काका. मागून तीनदा हाक मारली. तुम्हाला ऐकू येतं ना?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"न्हाई येत गं माय. दोन वर्षं झाली. बारीक आवाज तर बिलकुलच न्हाई."

विजयश्रीने हात पुढे केला. "द्या तो इकडे. काय ऐकायचं ते सांगा." त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

"वर टेकव. काय येतंय?"

"टिकटिक. शिलाई मशीनसारखी."

"ते टॅपेट, ऱ्हाऊ दे. आता बाजूला धर."

"अगं बाई! इथे मोठाय. डब्यात साखळी हलवावी तसा."

गाडी बंद करून त्यांनी टेन्शनर खोलला आणि त्याची दांडी अंगठ्याने दाबली. ती आत जायला नको होती, सहज गेली. लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. "चेन एक दात जरी सरकली असती, तर चालत्या गाडीत इंजिन बसलं असतं. हायवेवर. माझ्या चुकीनं."

झाकण उघडून त्यांनी चेन तपासली. ती अजून चांगली होती. नवा टेन्शनर बसवला, गाडी चालू केली आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने मला कानाला लावलं.

"गेला, काका."

त्यांनी खाली बसून हात पुसले. मग विचारलं, "कंपनीत कानात घालायला रबरी बोळे देतात का?"

"देतात. बॅगेत पडलेत. कोणीच घालत नाही."

"आमीबी घालणाऱ्याला हसायचो. उद्यापास्नं घाल."

आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतात, मला कमी ऐकू येतं, तुम्ही ऐका, मी दुरुस्त करतो. दोघे-तिघे गाडी घेऊन दुसरीकडे गेले. बाकीचे मला कानाला लावतात, आधी लाजतात, मग डोळे मिटतात.

माझं टोक झिजलंय, पण आवाज अजून नीट पोहोचवतो. तुमच्या गाडीचा आवाज बदलला तर मला कानाला लावा. आणि नाहीच ऐकू आलं, तर तसं सांगा.